सल्फ्युरिक, नायट्रिक आणि व्हिनेगर: सुरीवरच्या डागाचा इतिहास

डिशवॉशरमधून नुकत्याच काढलेल्या टोपलीकडे एकदा नीट बघा. चमचे चकचकीत, काटेही ठीक, आणि त्यांच्या शेजारच्या सुरीच्या पात्यावर मात्र तपकिरी ठिपके. पाणी तेच, पावडर तीच, तापमान तेच. त्या सुरीची मूठ पोकळ, जोडलेली असेल तर आणखी गंमत दिसेल: मूठ लखलखीत आणि पातं डागाळलेलं. आणि पात्यावर अक्षरं कोरलेली असतात, ‘स्टेनलेस’.

यावर लगेच सुचणारी दोन उत्तरं म्हणजे ‘कंपनीनं फसवलं’ किंवा ‘मशीन खराब आहे’. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. खरं उत्तर शोधायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं, आणि ती वाट पीएचडीच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी मुद्दाम निवडली आहे. कारण हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: तुम्ही चाचणी कशात घेतली? सिनॉप्सिसमध्ये आपण ‘गंजरोधक’, ‘स्थिर’, ‘सुरक्षित’ असे शब्द सहज लिहून टाकतो. त्या प्रत्येक शब्दाच्या मागं एक बीकर असतो आणि त्या बीकरमध्ये काहीतरी ठरावीक द्रव असतो.

आधी स्टेनलेसच्या पूर्वीची परिस्थिती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जेवणाच्या टेबलावरची सुरी साध्या कार्बन पोलादाची असायची. धार उत्तम, पण लिंबू, कांदा, व्हिनेगर लागलं की पातं काळं पडायचं. मासे खाताना लिंबू पिळायचं तर पोलादाची चव माशाला लागायची, म्हणून ऐपतदार घरांत माशांसाठी चांदीच्या वेगळ्या सुऱ्या असत. बाकीच्या सुऱ्या रोज घासाव्या लागत, त्याही विटेची बारीक भुकटी टाकलेल्या फळीवर. मोठ्या घरांत या कामाला एक पोऱ्याच ठेवलेला असे. पुढे जॉर्ज केंट यांचं फिरत्या ब्रशांचं यंत्र आलं: लाकडी ढोलासारखी पेटी, कडेला भोकं, भोकांत सुऱ्या खोचायच्या, आत एमरीची पूड टाकायची आणि दांडा फिरवायचा. सुरी स्वच्छ व्हायची आणि दर वेळी थोडी झिजायची. म्हणजे ‘डाग काढणं’ याचा त्या काळचा अर्थ होता धातूचा वरचा थर खरवडून काढणं.

यावर उपाय असू शकतो हे फार आधी कळलं होतं. फ्रान्समधल्या पिएर बेर्तिए यांनी १८२१ मध्येच नोंदवलं होतं की लोखंडात क्रोमियम मिसळलं तर काही आम्लांचा परिणाम कमी होतो, आणि असा मिश्रधातू सुऱ्या-काट्यांना उपयोगी पडेल असंही सुचवलं होतं. मग मध्ये जवळपास नव्वद वर्षं का गेली? एक कारण व्यावहारिक आहे. त्या काळी मिळणाऱ्या क्रोमियममध्ये कार्बन भरपूर असायचा, त्यामुळे मिश्रधातू ठिसूळ व्हायचा. कार्बनमुक्त क्रोमियम १८९०च्या दशकात हान्स गोल्डश्मिट यांच्या ॲल्युमिनियम वापरणाऱ्या पद्धतीनंतरच हाती आलं. दुसरं कारण जास्त बोचणारं आहे.

शेफील्डचे रॉबर्ट हॅडफिल्ड हे कोणी किरकोळ गृहस्थ नव्हते. मँगनीज पोलाद त्यांचं, सिलिकॉन पोलादावरचं महत्त्वाचं कामही त्यांचं. १८९२ मध्ये त्यांनी लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूंचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. गंजाची चाचणी घेतली ५० टक्के सल्फ्युरिक आम्लात. निष्कर्ष निघाला की क्रोमियममुळे पोलादाची गंजरोधकता कमी होते.

थांबा. मोजमाप चुकलं नव्हतं. तुम्ही आज हाच प्रयोग केलात तरी क्रोमियम पोलाद त्या आम्लात विरघळताना दिसेल. अडचण निवडीत होती. क्रोमियम पोलादाचं संरक्षण करतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर, जाडी एक ते तीन नॅनोमीटरच्या घरातली. हा थर तयार व्हायला आणि टिकायला ऑक्सिजन किंवा ऑक्सिडीकरण करणारं काहीतरी लागतं. नायट्रिक आम्ल ते पुरवतं. ५० टक्के सल्फ्युरिक आम्ल पुरवत नाही. उलट थर काढून टाकतं आणि खालचा धातू उघडा पाडतं. ‘तीव्र आम्लात टिकत नाही म्हणजे सौम्य आम्लातही फारसं टिकणार नाही’ हा तर्क वरवर इतका सरळ वाटतो की त्याला कोणी हटकत नाही. पण इथे तीव्र आणि सौम्य अशी एकच पट्टी नाहीच. दोन आम्लं धातूला दोन वेगळे प्रश्न विचारतात.

आणि ही गोष्ट अगदीच अज्ञात होती असंही नाही. साधं लोखंड संहत नायट्रिक आम्लात बुडवलं की ते ‘निष्क्रिय’ होतं, यावर शोनबाइन आणि फॅरेडे यांचा पत्रव्यवहार १८३६ मध्येच झाला होता. म्हणजे तुकडे सगळे टेबलावर होते. मला विचाराल तर हॅडफिल्ड यांचा दोष कमी आणि पुढे त्या निष्कर्षाला जोडलेल्या शब्दांचा जास्त. ‘५० टक्के सल्फ्युरिक आम्लात’ हे शब्द गळाले आणि ‘क्रोमियममुळे गंज वाढतो’ एवढंच उरलं तर वाक्याचा अर्थच बदलतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण नेमकं हेच करतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधलं वाक्य उचलतो आणि पद्धतीच्या विभागातली अट तिथेच सोडून येतो.

गाठ सोडवली ती जर्मनीतल्या आखेनमध्ये. फिलिप मोनार्ट्झ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दोन गोष्टी नीट मांडल्या: क्रोमियम साधारण १२ टक्क्यांच्या आसपास गेलं की आम्लाचा परिणाम एकदम घसरतो, आणि हे ऑक्सिडीकरण करणाऱ्या परिस्थितीतच घडतं. एवढं स्वच्छ उत्तर मिळूनही मोनार्ट्झ हे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. नाव झालं ते हॅरी ब्रेअर्ली यांचं.

ब्रेअर्ली १८७१ मध्ये शेफील्डमध्येच जन्मले, पोलाद वितळवणाऱ्या कामगाराच्या घरी. शाळा लवकर सुटली आणि पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं ते बाटल्या धुण्याचं. भांडी घासण्याच्या इतिहासात हा तपशील गाळणं मला जमणार नाही. तिथूनच शिकत शिकत ते ब्राउन-फर्थ संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९१२ मध्ये त्यांच्याकडे आलेला प्रश्न सुऱ्यांचा नव्हता, बंदुकीच्या नळ्यांचा होता. गोळ्या झाडताना नळी आतून झिजते, त्यावर कोणतं पोलाद टिकेल? १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांनी १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेला ओतीव तयार केला.

इथे एक लोकप्रिय दंतकथा आहे: नापास झालेला तुकडा भंगाराच्या ढिगात फेकला आणि काही महिन्यांनी तो चमकताना दिसला. गोष्ट छान आहे, पण ब्रेअर्ली यांचं स्वतःचं वर्णन साधं आहे आणि मला जास्त आवडतं. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची रचना बघायची तर आधी नमुना नायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणानं किंचित खाऊ द्यावा लागतो. हा नमुना खाल्लाच जाईना. दुसरा कोणी असता तर ‘एचिंग नीट झालं नाही’ म्हणून वहीत शेरा मारून पुढच्या नमुन्याकडे वळला असता. त्यांनी तोच नमुना व्हिनेगर आणि लिंबाच्या रसात टाकून पाहिला. शेफील्ड म्हणजे सुऱ्यांचं गाव. तिथल्या माणसाला हेच दोन द्रव आठवणार!

प्रयोगशाळा मात्र बंदुकीच्याच विचारात होती. मग ब्रेअर्ली यांनी स्थानिक कारागिरांना पोलाद दिलं, तर त्यांच्याकडून उत्तर आलं की या सुऱ्या कापतच नाहीत. हे पोलाद घडवायला कठीण, आणि कार्बन पोलादापेक्षा पुष्कळ जास्त तापवल्याशिवाय त्याला हवा तो कडकपणा येत नाही. जुन्या सवयीनं केलेली सुरी बोथट निघणारच. शेवटी आर. एफ. मोझली या कारखान्याचे व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी १९१४ मध्ये खटपट करून जमवलं. ब्रेअर्ली या पोलादाला ‘गंज न चढणारं’ म्हणत होते. स्टुअर्ट यांनी ते व्हिनेगरमध्ये टाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून शब्द आला ‘स्टेनलेस’, डाग न पडणारं. तोच टिकला. पुढे महायुद्ध लागलं, क्रोमियम पोलाद विमानाच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हकडे गेलं, ब्रेअर्ली यांचं कंपनीशी बिनसलं आणि त्यांनी नोकरी सोडली. ती कहाणी मोठी आहे, इथे सोडून देतो.

आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच: ‘स्टेनलेस’ हा शब्द व्हिनेगरच्या चाचणीतून जन्मला. माणसानं हातानं धुवून लगेच पुसलेल्या, टेबलावर आंबट पदार्थांशी गाठ पडणाऱ्या सुरीसाठी तो पूर्ण खरा होता आणि अजूनही आहे.

चमचे-काट्यांची वाट मात्र वेगळी झाली. जर्मनीत क्रुप कंपनीत बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमसोबत निकेल घातलेलं पोलाद १९१२ मध्येच तयार केलं होतं. ब्रेअर्ली यांच्या जागी आलेल्या डब्ल्यू. एच. हॅटफिल्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं प्रमाण पुढे आणलं. चमच्याच्या मागं दिसणारे १८/८, १८/१० हे आकडे तिथले. हे पोलाद गंजाला जास्त दाद देत नाही, पण ते तापवून-विझवून कडक करता येत नाही, म्हणजे धार धरत नाही. म्हणून सुरीचं पातं आजही ब्रेअर्ली यांच्या कुळातलंच असतं: क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास आणि कडकपणासाठी कार्बन. हा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो आणि संरक्षक थरासाठी मोकळं क्रोमियम तेवढं कमी उरतं. धार आणि डागमुक्ती यांच्यात ही देवाणघेवाण अटळ आहे. एकाच टोपलीत चमचा चमकतो आणि पातं डागाळतं ते यामुळे.

(घरी लोहचुंबक असेल तर लावून बघा. सुरीचं पातं चिकटेल, १८/१० चा चमचा चिकटणार नाही. पण ‘चिकटत नाही म्हणजे उत्तम’ असं समजू नका. आपल्याकडच्या पुष्कळ ताटवाट्या निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या २०० मालिकेच्या पोलादाच्या असतात. तीही सहसा चुंबकाला दाद देत नाहीत आणि गंजाला १८/१० पेक्षा लवकर शरण जातात. इथेही चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते.)

आता दुसरा धागा, यंत्राचा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याआधीही यंत्रं होती. जोएल हॉटन यांचं लाकडी, हातानं फिरवायचं यंत्र १८५०चं. कॉक्रन यांच्या यंत्रात भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे होते आणि त्यांवर गरम साबणाचं पाणी जोरात मारलं जायचं. घासणं गेलं, फवारा आला. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजलं आणि हॉटेलांनी ते घेतलं. घरांत यायला पुढे अनेक दशकं लागली. एवढं गरम पाणी घरात नसायचं, आणि जड पाण्यात साबणाचा चोथा भांड्यांवर बसायचा.

फवाऱ्यामुळे काय बदललं ते हर्बर्ट सिनर यांच्या वर्तुळावरून छान कळतं. जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतल्या या रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये मांडलं की स्वच्छतेचे चार घटक असतात, रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर बाकीचे वाढवावे लागतात. डिशवॉशरनं हाताचं घर्षण जवळपास शून्यावर आणलं. मग रसायन तीव्र झालं, पाणी तापलं, वेळ लांबली. हातानं धुण्याचा साबण इथे चालत नाही, कारण फेसानं पंपाचा जोर मरतो. त्याऐवजी पीएच १० च्या वर नेणारे अल्कली, विरंजक आणि आता विकरं. व्हिनेगरमध्ये पास झालेली सुरी आता तास-दोन तास गरम, अल्कलीयुक्त, खरकट्यातलं मीठ विरघळलेल्या पाण्यात आणि नंतर दमट वाफेत पडून राहते. तिची ही परीक्षा स्टुअर्ट यांनी घेतलीच नव्हती. यात सर्वांत घातक आहे तो मिठातला क्लोराइड. तो ऑक्साइडचा थर एखाद्या बिंदूवर भेदतो आणि तिथेच खाली खोल जातो; बाकीचं पातं स्वच्छ आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढा खड्डा.

अल्कलीसोबत आणखी एक रसायन होतं, सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते बांधून ठेवायचं, त्यामुळे जड पाण्याचे पांढरे डाग पडत नसत. पण हेच फॉस्फेट सांडपाण्यातून नद्या-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवायचं. अमेरिकेत कपड्यांच्या पावडरींवर १९७०च्या दशकात निर्बंध येऊ लागले. डिशवॉशरची पावडर दीर्घकाळ सुटली, कारण तितका चांगला पर्याय नव्हता. २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन परगण्यात स्पोकेन नदीसाठी बंदी आली. भांडी डागाळू लागल्यावर तिथले लोक गाडी काढून शेजारच्या आयडाहो राज्यातून जुनी पावडर आणू लागले! १ जुलै २०१० पासून अमेरिकेतल्या १६ राज्यांत आणि १ जानेवारी २०१७ पासून युरोपीय संघात घरगुती डिशवॉशर पावडरीतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा आली. अनेकांना वाटलं की मशीन बिघडलं. मशीन तेच होतं, पावडर बदलली होती. युरोपातल्या यंत्रांत पाणी मऊ करणारी रेझिनची पेटी आतच असते, अमेरिकेतल्या बहुतेक यंत्रांत ती नसते. त्यामुळे तोच बदल अमेरिकेत जास्त डोळ्यांत भरला. आज फॉस्फेटच्या जागी सायट्रेट, एमजीडीए आणि काही पॉलिमर असतात.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच डिशवॉशरांत ती रेझिनची पेटी असते आणि बोअरच्या पाण्याला ती हवीच. तिला अधूनमधून जाड मीठ घालावं लागतं. आता विरोधाभास बघा: पांढरे डाग टाळण्यासाठी घातलेल्या मिठातच पात्याला खड्डे पाडणारा क्लोराइड आहे. म्हणून मीठ भरताना बाहेर सांडलं तर मशीन तसंच उभं ठेवायचं नाही, लगेच एक फेरी चालवायची. भांडी लगेच धुवायची नसतील तर निदान खारट-आंबट खरकटं पाण्यानं काढून ठेवायचं. चांदीचे आणि स्टीलचे चमचे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, कारण त्या गरम खारट पाण्यात दोन धातूंचा चक्क विद्युतघट तयार होतो. लोखंडी विळी, गंजलेली किसणी किंवा कोटिंग निघालेली टोपली आत असेल तर तिचा गंज उडून चांगल्या चमच्यांवरही बसतो. तो चमच्याचा स्वतःचा गंज नसतो आणि पॉलिशनं निघतो. फेरी संपली की दार उघडून वाफ जाऊ द्यायची. आणि ज्या सुरीच्या धारेवर तुमचा जीव आहे ती हातानं धुवून पुसून ठेवा. मॉलिब्डेनम घातलेली महागडी सुरीसुद्धा.

डाग कोणता हे ओळखायला शेफील्डचीच युक्ती अजून चालते. डागावर व्हिनेगरचा थेंब ठेवा, दोन मिनिटांनी पुसा. पांढरा डाग निघून गेला तर तो पाण्यातल्या क्षाराचा होता. रेझिनच्या पेटीतलं मीठ आणि यंत्रावरची जडपणाची सेटिंग तपासा. तपकिरी ठिपका तसाच राहिला तर पॉलिश लावून बघा. तोही निघाला आणि खाली पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो बाहेरून आलेला गंज, टोपलीतली किसणी काढा. नखाला बारीक खड्डा लागला तर तो क्लोराइडचा, आणि तो आता भरून येणार नाही.